झाकलेला पुतळा

बंगळूरच्या हलसूर तलावाजवळ तामिळ संतकवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा आहे. 1991 साली त्याच्या अनावरणाची सिद्धता झाली होती. परंतु कन्नड संघटनांच्या विरोधामुळे तो पुढली 18 वर्षे झाकलेलाच राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहरात जे घडले, त्याची कहाणी या पुतळ्यापासून वेगळी काढता येत नाही.

कर्नाटकाने तामिळनाडूला दरवर्षी कावेरीचे 205 अब्ज घनफूट पाणी द्यावे, असा अंतरिम आदेश न्यायाधिकरणाने जूनमध्ये दिला होता. 11 डिसेंबरला तो केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि लगोलग दंगल उसळली. तामिळांची दुकाने, वाहने, झोपड्या जाळण्यात आल्या. सरकारी नोंदीप्रमाणेदेखील सोळा माणसे मृत्युमुखी पडली. हजारो कुटुंबे हाती लागेल ते घेऊन सीमेपलीकडे गेली.

मारले गेले ते कोण होते? तंजावरात त्यांची शेती नव्हती. 1809 मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली, तेव्हापासून शिपाई, गवंडी, हमाल, पुढे गिरणीकामगार म्हणून तामिळ माणसे येथे येत राहिली. ज्याचा आजाच येथे जन्मला, त्याने ‘आपल्या गावी’ म्हणून जायचे तरी कोठे? आणि बंगळूरला 1974 पासून पाणी मिळते तेही कावेरीचेच! ज्या नदीसाठी त्यांच्यावर हात उगारला गेला, तिच्यावर ते शहर आणि ते स्वतः सारखेच विसंबून होते.

अशा घरातील शोक दुहेरी असतो. गेलेल्या माणसासाठी रडता येते. पण काल ज्याच्याकडून उसने पीठ आणले, तो शेजारी दगड घेऊन आला होता की दार लावून गप्प बसला होता, हे आयुष्यभर कळत नाही, आणि विचारताही येत नाही. परतलेल्यांना त्याच गल्लीत पुन्हा बिऱ्हाड थाटावे लागले. (मुंबईकरांनीही हे परक्याचे समजू नये, साठीच्या दशकाच्या अखेरीस तेथे दाक्षिणात्यांच्या उपाहारगृहांवर हल्ले झालेच होते.)

9 ऑगस्ट 2009 रोजी करुणानिधींच्या हस्ते, येडियुरप्पांच्या उपस्थितीत, पुतळ्याचे अनावरण झाले. चारच दिवसांनी चेन्नईत कन्नड कवी सर्वज्ञ यांचा पुतळा उभा राहिला. सप्टेंबर 2016 मध्ये, त्याच पाण्यावरून, बंगळूरमध्ये तामिळनाडूच्या क्रमांकाच्या बसगाड्या पुन्हा पेटविण्यात आल्या.