नियम वाचता आला पाहिजे

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘आरियान ५’ हा अग्निबाण प्रथमच झेपावला आणि मिनिटभराच्या आत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायची होती. ती मावली नाही. ही नजरचूक नव्हती. धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून उरलेल्या तीन जाणूनबुजून सोडल्या होत्या. त्या मर्यादेबाहेर जाणार नाहीत हे गृहीतक आधीच्या ‘आरियान ४’च्या उड्डाणात खरे होते, पण नव्या यानाचा मार्ग वेगळा होता. चौकशी मंडळाने नोंदवलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: तीन संख्या सोडण्याचे समर्थन मूळ कोडमध्ये थेट कुठेही सापडले नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की माहितीची तपासणी जितकी गरजेची, तितकेच तिचे नियम उघड, वाचता येतील असे लिहिणे गरजेचे आहे.

यानावरच्या संगणकाची गोष्ट वेगळी, पण आपल्या रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम सोपे करणारी साधने आहेत. ‘डॉटनेट’ या प्रोग्रॅमिंग मंचासाठी जेरेमी स्किनर यांनी रचलेली ‘फ्लुएंटव्हॅलिडेशन’ ही लायब्ररी त्यांपैकी एक. पिनकोड घ्या: रकाना रिकामा नको, अंक सहा हवेत, पहिला अंक शून्य नको. एरवी या अटी ‘इफ’च्या, म्हणजे ‘जर-तर’ ओळींच्या, जंजाळात विखुरतात, एक फॉर्मपाशी, दुसरी डेटाबेसच्या तोंडाशी, तिसरी राहूनच जाते. इथे ‘रूलफॉर’ म्हणून रकान्याचे नाव घ्यायचे, त्याला ‘नॉटएम्प्टी’, ‘मॅचेस’ जोडत जायचे आणि चुकल्यास दाखवायचा मराठी संदेश ‘विथमेसेज’मध्ये तिथेच लिहायचा. मार्टिन फाउलर यांनी २००५ मध्ये अशा साखळीशैलीविषयी लिहिले तेव्हापासून ती ‘फ्लुएंट इंटरफेस’ म्हणून ओळखली जाते. तिचा मोठा लाभ हा, की टपालाचे काम जाणणारा, पण प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही शेजारी बसून नियम समजून घेऊ शकतो आणि हरकत घेऊ शकतो.

चार ‘इफ’ पुरत असताना परक्या कोडवर विसंबायचे कशाला, असे विचारले जाते. दोन-तीन रकान्यांच्या प्रोग्रॅमपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आकार बरोबर म्हणजे माहिती खरी नव्हे, हेही खरेच. कोल्हापूरच्या माणसाने पुण्याचा ४११०३० लिहिला तरी वरचे तिन्ही नियम त्याला पास करतील. खरा जड आक्षेप तिसरा आहे: कडक नियम माणसांनाच बाहेर ठेवतात. ‘आडनाव रिकामे चालणार नाही’ असा नियम केला, की आडनाव न लावणारी तमिळनाडूतली असंख्य माणसे अडतात. मग कुणी टिंब टाकतो, कुणी स्वतःचेच नाव पुन्हा लिहितो, आणि तपासणीनेच माहिती बिघडते. पण हा दोष त्या नियमाचा आहे. तो एका ओळीत समोर दिसत असेल तर कुणीतरी त्यावर बोट ठेवील. कोडच्या पोटात दडलेला असेल तर वर्षानुवर्षे तसाच राहील. तेव्हा कोड लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण लिहा, आणि ज्यांची माहिती तुम्ही तपासता त्यांच्यापैकी कुणाला तरी तो आधी वाचायला द्या.