मुलांच्या मोबाइलचा माग व त्याची मर्यादा

संध्याकाळीं मुलगी क्लासाहून यावयास अर्धा तास उशीर झाला, कीं आम्ही आईबाप हल्लीं दाराकडे पाहत नाहीं. मोबाइलच्या नकाशावरील ठिपक्याकडे पाहतों. सन २००० च्या मे महिन्यांत अमेरिकेनें जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. आज उघड्या आभाळाखालीं मोबाइल आपलें ठिकाण सुमारें पांच मीटरांच्या आंत ओळखतो. इमारतींत मात्र उपग्रहांचे संकेत क्षीण होतात, आणि ठिपका शेजारच्या गल्लींतहि सरकतो. बॅटरी संपली, तर जुन्याच जागीं थिजून राहतो. शिवाय तो मोबाइलचा ठिपका आहे, मुलीचा नव्हे! ती कोणासोबत आहे, भ्यालेली आहे काय, हें त्यास ठाऊक नसतें.

रात्रीं शेवटच्या लोकलनें परतणाऱ्या मुलास "घरीं पोंचेपर्यंत ठिकाण दाखीव" असें सांगणें आम्हांस रास्त वाटतें. गूगलचें फॅमिली लिंकदेखील आपली देखरेख मुलांपासून लपवीत नाहीं. चोरून ॲप बसविणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. तें उघडकीस आलें, कीं मुलगा मोबाइल मित्राच्या घरीं ठेवून जाईल. आणि खरी अडचण आली, तर त्याच्या हातीं आम्हांस फोन करावयासहि कांहीं नसेल.