शाळेतील छळ आणि कायदा : आईबापांच्या एका चळवळीची हकीकत



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आला असेल. शाळेत मुले एकमेकांना चिडवतात, ढकलतात, एखाद्याचा डबा पळवतात. त्याला कायदा कशाला? आम्हीही लहानपणी टपल्या खाल्ल्या, आमचे काय बिघडले? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन मला पुढे जायचे नाही. उत्तर मात्र थोडे कडू आहे. ज्यांचे काही बिघडले नाही तेच हा प्रश्न सभेत विचारू शकतात. ज्यांचे बिघडले त्यांतल्या काहींनी शाळा सोडली, काहींनी गाव सोडले आणि काहींनी तर जगच सोडले. त्यांच्या वतीने बोलायला मागे उरले ते त्यांचे आईबाप. अमेरिकेतल्या अशा आईबापांनी राज्याराज्यांतून कायदे करवून घेतले, त्याची हकीकत आज मी सांगणार आहे. आणि तिच्यातून आपल्यासाठी काय घेण्यासारखे आहे तेही शेवटी थोडक्यात मांडणार आहे.

आधी शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्या भाषेत खोडी आहे, चेष्टा आहे, दादागिरी आहे, छळ आहे. पण कोठे खोडी संपते आणि कोठे छळ सुरू होतो, याची रेघ आपण आखलेली नाही. ही रेघ आखण्याचे मोठे श्रेय नॉर्वेत काम करणाऱ्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाला जाते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. दुखवण्याचा हेतू, ही पहिली. तेच ते पुनःपुन्हा होणे, ही दुसरी. आणि दोन्ही पक्षांचे बळ विषम असणे, ही तिसरी. बरोबरीची दोन मुले मधल्या सुट्टीत हातघाईवर आली, तर ते भांडण. पाच जणांनी मिळून एकालाच महिनोन्‌महिने गाठले, तर तो छळ. १९८२ साली उत्तर नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्या, सहाध्यायांचा छळ हे त्यामागचे कारण असावे असे दिसले, आणि १९८३ मध्ये त्या देशाने शाळांतील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. तेथे सरकार आपण होऊन हलले. अमेरिकेत तसे झाले नाही.

अमेरिकेत शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय. त्यामुळे तेथे लढाई एक नव्हती, पन्नास होत्या. १९९९ सालच्या एप्रिलमध्ये कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि साऱ्या देशात हाहाकार उडाला. ते दोघे छळाला बळी पडलेले होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी रंगवले. पुढील तपासात आणि अभ्यासात ही समजूत फारशी टिकली नाही. तथापि शाळेच्या भिंतीआड काय चालते याची चर्चा त्यातून पेटली, हे खरे. त्याच वर्षी जॉर्जिया राज्याने या विषयावर कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य मानले जाते. शेवटचे राज्य मोंटाना, साल २०१५. म्हणजे सोळा वर्षांत पन्नास विधिमंडळे हलली. ती कोणी हलवली?

पुष्कळ ठिकाणी एखाद्या घरातील दुःखाने हलवली. ब्रेंडा हाय या बाईंचा मुलगा १९९८ साली गेला. तो तेरा वर्षांचा होता. त्यांनी पुढे एक संघटना काढली, आणि तिने केलेली एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. शाळा मुलांना प्रगतिपुस्तक देते ना? या आईबापांनी राज्यांनाच प्रगतिपुस्तक दिले! प्रत्येक राज्याचा कायदा वाचून त्याला श्रेणी द्यायची, कायदाच नसेल तर नापास ठरवायचे आणि ते सर्वांसमोर मांडायचे. या परीक्षेची एक अट अशी होती की कायद्यात छळाचा शब्द स्पष्टपणे आलाच पाहिजे. ‘शाळेची सुरक्षितता’ असल्या गुळगुळीत मथळ्याखाली तो झाकता कामा नये. आपले राज्य नापास ठरलेले कोणत्या आमदाराला आवडेल?

फ्लोरिडातील हकीकत एका शिक्षिकेची आहे. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा २००५ साली गेला. त्याचा छळ शाळेत होत होता, आणि शाळा सुटल्यावर संगणकावरून घरातही होत होता. ती राज्याच्या राजधानीत जाऊन समित्यांपुढे बोलली; विधेयक अडले, ती पुन्हा गेली; पुन्हा अडले, पुन्हा गेली. २००८ मध्ये तो कायदा झाला आणि त्याला तिच्या मुलाचे नाव देण्यात आले. त्यातले एक कलम व्यवहारी आहे. प्रत्येक जिल्ह्याने त्या वर्षीच्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत छळाविरुद्धचे आपले धोरण लिहून काढायचे, आणि जो ते करणार नाही त्याला शाळांच्या सुरक्षिततेसाठी मिळणारा सरकारी निधी मिळायचा नाही. नुसता उपदेश कपाटात पडून राहतो. निधी अडला की कपाट उघडावे लागते.

आता मिशिगनकडे वळू, कारण तेथे एका वाक्याने सगळा खेळ बिघडत होता. तेथील एका मुलाचा मृत्यू २००२ साली झाला. त्याच्या वडिलांनी नऊ वर्षे पाठपुरावा केला. २०११ च्या नोव्हेंबरात राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने त्या मुलाच्या नावाचे विधेयक मंजूर केले. पण त्यात एक वाक्य घुसले होते : प्रामाणिक धार्मिक श्रद्धेने किंवा नैतिक निष्ठेने केलेल्या विधानांना हा कायदा आड येणार नाही. वरवर पाहता वाक्य निरुपद्रवी, किंबहुना उदार वाटते. पण शाळेच्या ओसरीत त्याचा अर्थ काय होतो? ‘तू असा आहेस म्हणून मी तुला रोज टोचणार, कारण माझी तशी श्रद्धा आहे,’ असे म्हणायला वाट मिळते. छळ थांबवण्याच्या कायद्यातच छळाची सबब! ग्रेचेन व्हिटमर या तेव्हा सभागृहात विरोधी पक्षाच्या नेत्या होत्या. त्यांनी या वाक्यावर कडाडून हल्ला चढवला. आणि विशेष हे की खुद्द त्या मुलाच्या वडिलांनी, ज्यांनी या कायद्यासाठी इतकी वर्षे घालवली त्यांनी, या स्वरूपातल्या विधेयकाबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. मुलाचे नाव मिळत होते, पण आशय जात होता. त्यांनी नावाचा मोह धरला नाही. महिनाभरात ते वाक्य गळाले आणि ६ डिसेंबर २०११ रोजी राज्यपालांची सही झाली.

मग चांगला कायदा कोणता? जॉर्जियाच्या पहिल्या कायद्याचा भर शिक्षेवर होता : वरच्या इयत्तांतील मुलाने एकाच वर्षात तिसऱ्यांदा छळ केला, की त्याला वेगळ्या शाळेत धाडायचे. पण पहिल्या दोन वेळी कोणी नोंदच केली नाही, तर तिसरी वेळ येणार कशी? न्यू जर्सीने २०११ साली केलेला कायदा वेगळ्या दिशेने जातो. त्यात मुलांपेक्षा मोठ्या माणसांनाच जास्त कामे सांगितली आहेत. छळ पाहणाऱ्या किंवा त्याची खबर लागलेल्या शिक्षकाने त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी सांगायचे. दोन शाळा-दिवसांत लेखी द्यायचे. एका दिवसात चौकशी सुरू करायची आणि दहा दिवसांत पुरी करायची. ज्या ज्या मुलांचा संबंध आहे त्यांच्या पालकांना कळवायचे. प्रत्येक शाळेत या कामासाठी एक माणूस नेमायचा. पाहा, यात कोठेही ‘मुलांनो, प्रेमाने वागा’ असे लिहिलेले नाही. मूल प्रेमाने वागेल की नाही हे कायद्याच्या हाती नसते. शिक्षकाने पाहिले ते लिहिले की नाही, एवढे असते. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : शाळेतील छळाचा कायदा मुलांसाठी असला तरी बंधन मोठ्या माणसांवर हवे.

पण न्यू जर्सीतही अडखळ आली. काम वाढवले आणि पैसा दिला नाही! एका लहान शाळा-जिल्ह्याने तक्रार केली, आणि २०१२ च्या जानेवारीत राज्याच्या एका मंडळाने निर्णय दिला, की खर्चाची तरतूद न करता स्थानिक संस्थांवर असा बोजा टाकता येत नाही. मग विधिमंडळाने धावपळ करून त्या वर्षी दहा लाख डॉलरची तरतूद केली.

या कायद्यांचा उपयोग झाला काय? २०१५ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पंचवीस राज्यांतील साठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तीत होती. केंद्रीय शिक्षण खात्याने सुचवलेल्या तरतुदींपैकी निदान एक तरी ज्या राज्यांच्या कायद्यात होती, तेथे ‘माझा छळ झाला’ असे मुलांनी सांगण्याचा संभव सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला. कोणत्या वागण्याला मनाई आहे ते नीट सांगणे, कायदा कोठे लागू होतो ते ठरवणे आणि स्थानिक शाळांना आपले धोरण करायला लावणे, या तरतुदींचा संबंध विशेष दिसला. अशी पाहणी कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. पण ‘कायद्याने काय होणार?’ असे हात झटकून म्हणणाऱ्याला ती विचार करायला लावील.

या चळवळीची एक धोक्याची बाजूही आहे. मृत मुलाचे नाव कायद्याला दिले, की लोकांना वाटू लागते, छळ म्हणजे आत्महत्येचे कारण. असे सरळ नसते. मृत्यूमागे एकच कारण क्वचितच असते. आणि ज्या हजारो मुलांचे नाव कधीच वृत्तपत्रात येत नाही, जी शनिवारची वाट पाहत मुकाट्याने शिकतात, त्यांच्यासाठीही कायदा हवा असतो.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राने १९९९ साली, म्हणजे जॉर्जियाच्याच वर्षी, रॅगिंगविरोधी कायदा केला. तो वाचण्यासारखा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी करायची. त्याने दुर्लक्ष केले, तर त्यानेच गुन्ह्याला साहाय्य केले असे समजायचे. पुढे २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच्या वडिलांनी खचून न जाता पाठपुरावा केला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी नियम झाले. म्हणजे शोकातून कायद्याकडे जाणारा बाप आपल्यालाही परका नाही.

परंतु हे सारे आपण महाविद्यालयापुरते समजतो. १९९९ च्या कायद्यातील संस्थेची व्याख्या व्यापक आहे, वसतिगृह आणि अनाथालयही तीत येते. पण त्यातली शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची. अकरा वर्षांच्या पोराविरुद्ध हे शस्त्र कोणता मुख्याध्यापक उचलील? तो प्रकरण मिटवील, आणि मिटवणे म्हणजे बहुधा सोसणाऱ्यालाच गप्प बसवणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, पण ते कलम मुख्यतः शिक्षकाच्या छडीकडे पाहते. मागच्या बाकावरच्या चौकडीकडे नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ साली आपल्या शाळांना समित्या नेमण्याची सूचना दिली. पण सूचना आणि कायदा यांत अंतर आहे.

म्हणून मागणी तुरुंगाची नको. तक्रारीची लेखी नोंद, चौकशीचे दिवस ठरलेले, दोन्हीकडच्या पालकांना बोलावणे, आणि जो मोठा माणूस पाहूनही गप्प राहिला त्याला जाब, एवढी असावी. आणि तोवर? तोवर आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन एवढेच विचारा : ‘गुरुजी, एखाद्या मुलाला रोज कोणी त्रास देत असेल, तर ते आपल्याकडे कोणत्या वहीत लिहिले जाते?’ वही असेल तर शाळेचे अभिनंदन करा. नसेल तर पुढच्या पालकसभेत पुन्हा विचारा, आणि शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन जा. ज्या आईबापांच्या हकिकती मी सांगितल्या, त्यांना हा प्रश्न विचारायला उशीर झाला होता. आपल्याला अजून झालेला नाही.