मातीची परीक्षा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शाळामास्तराने प्रयोगशाळेतील उपकरणांविषयी बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु उभा जन्म मुलांच्या परीक्षा घेण्यात गेल्यावर उतारवयात मातीने माझी जी परीक्षा घेतली, तिची हकीकत आपणापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्या मालवण किनाऱ्यावरील भूमी ही मुख्यतः जांभ्याची. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील अशाच दगडाला, विटेच्या लॅटिन नावावरून, 'लॅटेराइट' म्हटले. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो व वारा लागला की कठीण होतो, हे आपल्या चिरेखाणीवरील माणसास पुस्तकावाचून ठाऊक आहे. परंतु त्यापासून झालेल्या तांबड्या मातीच्या पोटात काय आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पावसाच्या माऱ्याने तिच्यातील चुना वाहून जातो, लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात आणि माती आम्ल होते. मग खतातील स्फुरद ही द्रव्ये अशी धरून ठेवतात की, मुळांच्या वाट्यास त्यातील थोडाच अंश येतो.

हे पारखण्याची साधने प्रयोगशाळेत आहेत. प्रथम माती सावलीत वाळवून, लाकडी खलात कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. एक भाग मातीत अडीच भाग शुद्ध पाणी ढवळून त्यात सामूमापकाची काचेची कांडी बुडवितात. ७ हा अंक मध्यम, त्याखाली आम्ल. विद्युतवाहकतामापक विरघळलेले क्षार सांगतो, म्हणून खाडीकाठच्या खार जमिनीस तो विशेष उपयोगी. रसायनाने आलेल्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून स्फुरद मोजतात, तर पालाश फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत.

आता माझी चूक सांगतो. निवृत्तीनंतर मी सड्यावरील वडिलोपार्जित काजूची बाग पाहू लागलो. झाडे रोडकी, पीक बेताचे. "जमीन निकस आहे, गिऱ्हाईक आले आहे, देऊन टाकू," असे भावंडांत ठरत आले. मी माती तपासून आणली, तो अहवाल उत्तम! सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद पुरेसे. सकस मातीतही झाडे धरत नाहीत, तर दोष नशिबाचा, असे समजून मी सही करण्यास तयार झालो.

प्रयोगशाळेतील एका तरुण मुलीने सहज विचारले, "गुरुजी, माती नेमकी कोठून घेतलीत?" मी सांगितले, "गोठ्यामागून, उकिरड्याशेजारून. तेथे खणणे सोपे होते." ती काही बोलली नाही, फक्त हसली, आणि मला माझीच लाज वाटली. एका हुशार मुलाची पाटी पाहून मी साऱ्या वर्गाला पहिला नंबर दिला होता!

पुन्हा बागेत हिंडून दहा ठिकाणी खड्डे घेतले. उकिरडा, बांध व नुकतेच खत घातलेली जागा टाळली. माती एकत्र करून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले. असे करीत अर्धा किलो राहिली, ती स्वच्छ पिशवीत चिठ्ठीसह दिली. या वेळी सामू ५.१ आला व स्फुरद अत्यल्प. सल्ल्याप्रमाणे चुना, शेणखत व खत घातले. पीक दुप्पट झाले असे मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या वर्षी पालवी हिरवीगार आली, आणि बाग आज घरात आहे.

बंधूंनो, यंत्र खोटे बोलत नाही. पण ते आपण दिलेल्या मुठीपुरतेच बोलते. १९७२ साली दापोलीस कृषी विद्यापीठ झाले, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. उणीव आहे ती आपल्या आस्थेची. मुंबईकर ज्ञातिबंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की, वाडवडिलांची जमीन निकस ठरवून विकण्यापूर्वी तिची अर्धा किलो माती, नीट गोळा करून, एकदा तपासून घ्या. नापास करण्याआधी निदान उत्तरपत्रिका तरी वाचावी, एवढेच हा जुना मास्तर सांगतो आणि आपली रजा घेतो.