समुद्राचा निरोप

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सदर बाजार, रायपूर येथे दिलेले भाषण)



समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावी मी समुद्रावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु सदर बाजारात पडलेले पावसाचे पाणीदेखील खारून, शिवनाथ आणि महानदी असा प्रवास करीत अखेर पारादीपपाशी सागरास मिळते. आणि आपल्यातील कित्येक घराण्यांची मुळे तर रत्नागिरी, मालवण, अलिबागकडेच आहेत. मी कला शाखेचा पदवीधर. तेव्हा यंत्राच्या पोटात फार खोल शिरणार नाही.

समुद्राची नोंद ठेवणे आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या अपोलो बंदरातील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ सालापासूनच्या आहेत. पण नोंद होणे निराळे आणि ती वेळेवर कळणे निराळे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवीच्या मुखाजवळ वेरें येथे जलपातळीमापक बसवून त्याची नोंद मोबाइलच्या जाळ्यातून थेट संगणकावर आणली. १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीची क्षीण चाहूल गोव्यात आणि लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे याच पद्धतीने टिपली गेली.

मोबाइलच्या जाळ्याची मर्यादा मात्र ३ जून २०२० रोजी दिसली. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दापोली या भागांत वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. ज्यांचे आप्त तिकडे आहेत, त्यांना फोन न लागण्याचे ते दिवस आठवत असतील. जी वाट वादळात प्रथम बंद पडते, त्याच वाटेने वादळाची खबर यावी, ही व्यवस्था अपुरी आहे.

येथे लांब पल्ल्याच्या, अल्प शक्तीच्या बिनतारी संदेशवहनाचा विचार येतो. यातील ‘लोरा’ ही पद्धत फ्रान्समध्ये जन्मली आणि २०१२ साली सेमटेक या अमेरिकन कंपनीकडे गेली. तिचे प्रक्षेपण साधारण २५ मिलिवॅटचे. आपल्या घरातील ९ वॅटच्या दिव्याला त्याच्या ३६० पट शक्ती लागते. यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते. ठरल्या वेळी जागे होते, मोजमाप घेते, दोन-तीन सेकंदांत निरोप धाडते आणि पुन्हा निजते. लहानशी बॅटरी त्यामुळेच दीर्घकाळ पुरते. लहरीची कंप्रता शिट्टीच्या सुरासारखी क्रमाने चढत जाते. हा चढ ग्राहकयंत्राला पाठ असल्यामुळे गोंगाटाखाली दबलेला निरोपही त्यास ओळखता येतो. या दूरगामीपणाचे मोल संथपणाने चुकवावे लागते. सर्वांत लांब पल्ल्यासाठी वेग सेकंदाला अवघा २५० बिट आणि एका निरोपाची मर्यादा जेमतेम ५१ बाइट. येथील सराफ सोने गुंजेने तोलत, तशी इथे भाषा तोलावी लागते. आम्हा सरकारी मंडळींना हे जमणे कठीणच! पण समुद्राला तेवढे पुरते: तापमान, क्षारता, पाण्यातील प्राणवायू, जलपातळी, आकडेच तर धाडायचे असतात.

प्राणवायूचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यालगत खोलातील अल्पप्राणवायूचे पाणी वर सरकते आणि तळाशी राहणाऱ्या जीवांवर संकट येते. गोव्याचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, १९९७ पासून त्याची पाहणी करीत आले. अशी पाहणी होडीने करायची, तर ऐन पावसाळ्यात खवळलेला दर्या वाट अडवतो. तेथे बोया बोलू शकेल.

पल्ल्याचेही पाहू. लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत आणि पृथ्वीची वक्रता कोणालाच चुकत नाही. पाण्यापासून एक मीटर उंच एरियल आणि किनाऱ्यावर तीस मीटरचा मनोरा असेल, तर सुमारे पंचवीस किलोमीटर. मोठ्या लाटा असतील तर त्याहून कमीच. त्यापलीकडे उपग्रह हवा, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचे खोल समुद्रातील बोये तोच मार्ग वापरतात. तो महाग आहे.

माझ्या मते खरा प्रश्न यंत्राचा नसून निरोप प्रथम कोणी ऐकावा, हा आहे. ग्राहकयंत्र दीपगृहावर किंवा मासळीच्या धक्क्यावर, स्वतःच्या सौर पट्टीवर चालणारे असावे. आकडे हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडे जावेत. पण दूरध्वनी बंद असला तरी धक्क्यावरचा फलक उजळलाच पाहिजे. यात आणखी एक लाभ आहे. बोयाभोवती मासे जमतात, म्हणून होड्या त्यास बांधल्या जातात, जाळी अडकतात, सौर पट्ट्या नाहीशा होतात. भारतीय बोयांना या नासधुशीचा मोठा त्रास झालेला आहे. ज्या बोयाचा आकडा आपल्याच गावच्या फलकावर रोज पहाटे दिसतो, त्यावर कोळीबांधव दोर टाकण्यापूर्वी विचार करतील, असे मला वाटते. त्याची डागडुजीही वेतन देऊन त्यांच्याच सहकारी संस्थांकडे सोपवावी. उधाणात त्या जागी होडी नेण्याचे ज्ञान आमच्या कचेऱ्यांत कोणापाशी नाही.