वीस सेंटचं तिकीट आणि झेरॉक्सची काजळी: जुन्या स्केट-झाइन्सबद्दल

शीर्षक वाचून तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी भुवया उंचावल्या असतील. सांगतो. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि गेली अकरा वर्षं मी स्केटबोर्डिंगचा जुना कागद गोळा करतोय. बोर्ड नव्हे, कागद. मासिकं, कंपन्यांचे कॅटलॉग, स्टिकर, स्पर्धांची पत्रकं आणि सगळ्यात लाडक्या म्हणजे झाइन्स.

मला स्वतःला स्केटबोर्ड धड चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या लहानपणी स्केटिंग म्हणजे चपलेवर पट्ट्याने बांधायची ती चार चाकं, तीसुद्धा सोसायटीत एखाद्याकडेच. त्यामुळे या छंदात मी बाहेरून आलेला माणूस आहे. बाहेरून आल्याचा एक फायदा असतो, इथल्या लोकांना जो कचरा वाटतो तो आपण थांबून बघतो.

तर झाइन म्हणजे काय? फॅनझाइन या शब्दाचं उरलेलं शेपूट. एखादा शाळकरी पोरगा टाइपरायटर, कात्री, गोंद घेऊन पानं जुळवतो, झेरॉक्स काढतो, मधोमध घडी घालतो, कण्यावर दोन पिना मारतो. झाली झाइन. पुढचा अंक कधी? पैसे जमतील तेव्हा. आपल्याकडे यासाठी झकास शब्द आहे, अनियतकालिक. पन्नासच्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर ही मंडळी ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर काढत होती, साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं. तिथे कविता होत्या, इथे गुडघे फुटलेली पोरं आहेत. पण मोठ्या मासिकांत आपल्याला जागा नाही म्हणून आपलं आपण काढायचं, हे गणित तेच.

आणि स्केटबोर्डिंगच्या बाबतीत तर एक वेळ अशी आली की मोठं मासिकच राहिलं नाही.

थोडं मागे जाऊ. १९६४ मध्ये ‘सर्फर’ मासिकाच्या लोकांनी ‘द क्वार्टरली स्केटबोर्डर’ काढलं. चार अंक निघाले आणि १९६५ मध्ये दुकान बंद. तेव्हाची चाकं क्लेची असायची. वाटेत खडा आला की बोर्ड जागच्या जागी थांबायचा आणि माणूस पुढे जायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाकं बाजारात आणली, खेळात पुन्हा जीव आला आणि १९७५ मध्ये ‘स्केटबोर्डर’ परत सुरू झालं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, क्रेग स्टेसिकचे डॉगटाउनवरचे लेख. हे अंक माझ्याकडे आहेत, सुंदर आहेत, आणि शोधले तर आजही मिळतात.

मग काँक्रीटचे स्केटपार्क झाले आणि पाठोपाठ विम्याचं लफडं सुरू झालं. पोरं पडणार, पालक कोर्टात जाणार, हप्ते वाढणार. पार्कमागून पार्क बंद पडले, कित्येकांवर बुलडोझर फिरला. १९८० मध्ये ‘स्केटबोर्डर’चं नाव बदलून ‘ॲक्शन नाउ’ झालं, सायकली नि सर्फिंग सगळं त्यात आलं, आणि १९८२ मध्ये तेही संपलं. जानेवारी १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘थ्रॅशर’ सुरू झालं होतं. हो, तेच, ज्याचा ज्वाळांचा टी-शर्ट घालून आज कुणीही फिरतं. इंडिपेंडंट कंपनीचे ट्रक, म्हणजे बोर्डाखालचे चाकांचे दांडे, बनवणाऱ्या लोकांनीच ते काढलं. पण एक मासिक एवढ्या मोठ्या देशात कुठे कुठे पुरणार?

त्या फटीत झाइन्स उगवल्या. ओहायोतल्या सिनसिनाटीत, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल आत, गॅरी स्कॉट डेव्हिस नावाचा पोरगा ‘स्केट फेट’ काढत होता. ‘बोनलेस’ ही उडी त्याच्या नावावर सांगतात. टॉड स्वँकची ‘स्वँक झाइन’ होती. अँडी जेन्किन्सची ‘बेंड’ होती. पुढे डेव्हिस ‘ट्रान्सवर्ल्ड’ मासिकात गेला, स्वँकने फाउंडेशन ही बोर्डांची कंपनी काढली, जेन्किन्स गर्ल कंपनीचा आर्ट डायरेक्टर झाला. मधल्या काळात जेन्किन्सच्या जोडीला ‘होमबॉय’ मासिकात एक पोरगेलासा फोटोग्राफर होता, स्पाइक जोन्झ. ‘हर’ सिनेमाच्या पटकथेसाठी ऑस्कर घेतलेला तोच.

ही नावं झाली मोठी. माझा जीव अडकतो तो ज्यांची नावं कुठेच नाहीत त्यांच्यात. कुठल्याही डॉक्युमेंटरीत एक वाक्य ठरलेलं असतं: ऐंशीच्या सुरुवातीला स्केटबोर्डिंग मेलं. बरं, मेलं म्हणजे विक्री मेली. कंपन्यांच्या कागदांतून तेवढंच दिसतं. झाइन उघडा, तर परसातल्या लाकडी रॅम्पवर अकरा पोरं जमली होती, पाऊस आला, प्लायवूड फुगलं, तरी कोण पहिला आला हे सगळं हाताने लिहिलेलं असतं. त्या वर्षांत गावोगावी नेमकं कोण खेळत होतं याची नोंद बहुतेक वेळा एवढीच. पन्नास-शंभर प्रती काढलेल्या असणार, त्यातल्या आज किती उरल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आता तुम्ही म्हणाल, झेरॉक्सच आहे ना? मग मी कालच काढलेली प्रत तुला १९८४ ची म्हणून विकली तर? बरोबर प्रश्न आहे. बोर्डाची नक्कल करायला कारखाना लागतो, झाइनची नक्कल कोपऱ्यावरच्या दुकानात होते. म्हणून मी आधी पाठ बघतो. पुष्कळ झाइन्स पाकिटाशिवाय, नुसत्या घडी घालून पोस्टात टाकलेल्या असतात, मागच्या पानावर पत्ता आणि तिकीट. आणि तिकीट खोटं बोलत नाही. इथे साध्या पत्राचा दर नोव्हेंबर १९८१ पासून फेब्रुवारी १९८५ पर्यंत वीस सेंट होता, मग बावीस झाला, १९८८ मध्ये पंचवीस. शिक्क्यावरची तारीख पुसट असली तरी तिकिटावरून काळ कळतो. दुसरं म्हणजे पिना. चाळीस वर्षांची पिन कागदाला गंजाचा डाग देतेच. नंतर काढलेल्या प्रतीत तो डाग छापलेला असतो, काळा, आणि खरी पिन मात्र चकचकीत! तिसरं, झेरॉक्सची झेरॉक्स काढली की करडा रंग गायब होतो, चेहऱ्यांवर काजळी फासल्यासारखी दिसते. बोटाने नाही, डोळ्याने शिकायची गोष्ट आहे ही.

मिळतं कुठे? पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियमबाहेर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुना बाजार भरतो. आपला जुना बाजार डोळ्यांसमोर आणा आणि त्याला पार्किंगची फी लावा. तिथे काही वर्षांपूर्वी एक बाई भावाचं सामान विकत होत्या. भाऊ वारला होता. एका खोक्यात दोन कॅटलॉग, मूठभर न चिकटवलेले स्टिकर, एकेचाळीस झाइन्स आणि रबरबँड लावलेला पत्रांचा गठ्ठा. माझ्या आधी एक व्यापारी पोचला होता. त्याला कॅटलॉग आणि स्टिकर हवे होते, बाकीचं ‘रिसायकलिंगला टाका’ म्हणाला. भाव त्याने चांगला दिला होता, लबाडी काहीच नव्हती. धंदा म्हणून बरोबरच होतं त्याचं.

पण खोकं फोडलं की ते खोकं राहत नाही. पत्रांवरून कळत होतं की या माणसाने स्वतःची झाइन पाठवून बदल्यात कुणाकुणाच्या मागवल्या. टेक्सास, ओहायो, एक तर इंग्लंडहून. कुठली झाइन कुणाच्या पत्रासोबत आली, हा धागा तुटला की हातात सुटी पानं उरतात. मी त्या बाईंना म्हटलं, अख्खं खोकं द्या, त्याच्यापेक्षा साठ डॉलर जास्त देतो, आणि सगळं स्कॅन करून तुम्हाला पाठवतो.

पाठवलं. महिन्याभराने त्यांचा मेल आला. भावाच्या झाइनमध्ये एका फोटोखाली बारीक अक्षरात ‘फोटो: माझी बहीण’ असं लिहिलं होतं. त्या तेव्हा बारा वर्षांच्या. भावाने कॅमेरा हातात दिला, एवढं त्यांना आठवत होतं. तो फोटो छापला, नावानिशी नाही पण श्रेय देऊन छापला, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

इथे एक प्रश्न येतो, आणि त्यावर आमच्या छंदातल्या लोकांत चांगली खडाजंगी होते. या झाइन्समध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे घरचे पत्ते छापलेले आहेत. बदलीची झाइन मागवायची तर पत्ता हवाच. पण तो पत्ता शंभर प्रतींसाठी दिला होता. मी स्कॅन नेटवर टाकला की तो जगाला दिसणार. त्यातल्या काही घरांत आजही तेच म्हातारे आईवडील राहतात. काही मित्र म्हणतात, इतिहास आहे, खाडाखोड करू नकोस. मला ते पटत नाही. मी दोन फाइली ठेवतो. मूळ स्कॅन माझ्याकडे, आणि लोकांना देतो त्यात घर नंबर आणि रस्ता झाकलेला, गाव मात्र उघडं. गाव झाकलं तर कुठून कुठे टपाल जात होतं ते कळणार नाही. आणि कर्ता सापडला, तर आधी त्याला विचारतो. एकाने सरळ नको म्हणून सांगितलं. त्याला आपलं सोळाव्या वर्षीचं लिखाण कुणी वाचायला नको होतं. त्याची झाइन माझ्या कपाटात आहे, नेटवर नाही. नियमित ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा.

काळजीचं थोडक्यात सांगतो, कारण हे तुमच्या घरातल्या जुन्या झेरॉक्सनाही लागू आहे. स्टेशनरीच्या दुकानातले ते मऊ, वास येणारे पीव्हीसीचे कव्हर वापरू नका. झेरॉक्सची शाई त्याला चिकटते आणि काढताना अक्षरंच प्लास्टिकवर येतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. गंजलेली पिन ओढू नका, मागून पाय सरळ करून हळूच काढा. स्कॅन सहाशे डीपीआयवर आणि ग्रेस्केलमध्ये. निव्वळ काळ्यापांढऱ्यात केलंत तर सेलोटेपची सावली, पेन्सिलची रेघ, सगळं उडून जातं, आणि हाताचं काम तर त्यातच दिसतं.

पैसे? बोर्डांच्या मागे लागलात तर खिसा फाटेल, आणि पॉवेल-पेराल्टासारख्या कंपन्या जुन्या चित्रांचे बोर्ड पुन्हा काढतातच. झाइन पुन्हा कोण काढणार? म्हणून बाजारात मी टेबलावर मांडलेलं बघतच नाही, टेबलाखालची खोकी बघतो. त्या खोक्यातल्या नऊ झाइन्स अजून स्कॅन व्हायच्या राहिल्यात. आणि येत्या तिसऱ्या रविवारी लाँग बीचचा बाजार आहे. पहाटे निघायचंय, थर्मासात चहा घेऊन. कुणी जवळपास राहत असेल तर या.