भिंतीची ओल आणि घरातली बुरशी



ज्या व्यासपीठावरून एरवी राज्यकारभार, वेदान्त आणि वाङ्मय यांची चर्चा होते, तेथे भिंतीवरच्या बुरशीचा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. त्यातून दिवस वैशाखाचे. श्रोत्यांच्या घशाला कोरड पडली आहे आणि वक्ते ओलीची कथा सांगत आहेत! परंतु ओलीचा विचार करावा तो याच दिवसांत, हे आपल्याला पटवून देण्याची आमची इच्छा आहे.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. आमच्या मागल्या खोलीच्या भिंतीवर एका श्रावणात काळे ठिपके दिसले. गणपती तोंडावर आले होते. आम्ही फडक्याने ठिपके पुसले, वर रंगाचा एक हात दिला. भिंत लख्ख झाली. पुढल्या आषाढात ठिपके परत आले, आणि आता ते कपाटामागेही पसरले. या खेपेस आम्ही चांगला महागाचा तैलरंग लावला. तिसऱ्या वर्षी त्या रंगाला फुगे आले, पोपडे पडले, कपाटातल्या जुन्या पुस्तकांवर करडी साय धरली आणि त्या खोलीत निजणाऱ्या आमच्या नातवाला रात्री दम लागू लागला. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, “हा मुलगा झोपतो कोठे?” त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. तीन वर्षे आम्ही भिंत रंगवीत होतो. ती ओली का होते, हे एकदाही पाहिले नव्हते.

बुरशी ही काही केवळ शत्रू नव्हे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत जी बुरशी आपोआप येऊन पडली, तिच्यापासून पेनिसिलीन मिळाले. आणि ते औषध बनविणारा सरकारी कारखाना १९५४ साली आपल्या पिंपरीस स्थापन झाला. पण ती बशीत आपोआप आली, यातच आमचा मुद्दा आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. ते नाहीत असे घर नाही. धूळ, लाकूड, कागद, खळ, चामडे हे तिचे अन्न. तेही घरोघर आहे. मग आपल्या हाती उरते काय? एकच गोष्ट, ती म्हणजे पाणी. पाणी तोडले की बुरशीचे सारे राज्य संपते. पाणी राहिले, तर पुसणे आणि रंगवणे दोन्ही व्यर्थ.

हे पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट वरची : फुटके कौल, तडकलेली गच्ची, तुंबलेली पन्हळ, वरच्या मजल्याची मोरी. डाग पावसाबरोबर वाढत असेल तर छप्पर पाहावे. बारा महिने ओला असेल तर नळ आणि मोरी पाहावी. दुसरी वाट खालची : जोत्यातून ओल भिंतीत चढते, जमिनीलगत पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. तिसरी वाट हवेची : स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघरातला दमटपणा, पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे. हे पाणी गार कोपऱ्यात आणि भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे जमते. संशय असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. दोन दिवसांनी खोलीकडची बाजू ओली दिसली तर पाणी हवेतले. भिंतीकडची दिसली तर ते भिंतीतूनच येत आहे.

आता उपाय. त्याचा क्रम चुकला की पैसा वाया गेला, हे ध्यानात ठेवावे. आधी पाण्याची वाट बंद करावी. मग बुरशी काढावी. मग भिंत वाळू द्यावी. मग गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. आम्ही शेवटापासून आरंभ केला होता.

तीन फूट लांबीरुंदीपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल तर जाणत्या माणसाला बोलवावे. मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. नाकातोंडावर एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे. खिडकी उघडी, दार बंद, आणि पंखा मुळीच लावू नये, कारण तो बीजाणू घरभर उडवितो. डाग कोरडा खरवडू नये. आधी भिजवावा, मग साबणाच्या पाण्याने घासून, पुसून कोरडा करावा. ब्लीचने डाग पांढरा दिसतो, पण मऊ गिलाव्यात शिरलेले बुरशीचे तंतू आत तसेच राहू शकतात. शिवाय मेलेली बुरशीही दमेकऱ्यास बाधते. आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पोकळ वाजणारा गिलावा ओलीच्या हद्दीपलीकडे फूटभर तोडून काढावा. जुन्या वाड्यांच्या विटामातीच्या व चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारण्याची घाई करू नये. तो ओल आत कोंडतो. तेथे चुन्याचा गिलावाच बरा. चौकट किंवा तुळई खिळ्याने टोचून पाहावी. खिळा सहज शिरला तर कुजका भाग बदलावा. बुरशी धरलेली कापसाची गादी आणि फुगलेले प्लायवूड यांचा मोह सोडावा. पुस्तके मात्र वाचतात : आधी पूर्ण वाळवावी, मग घराबाहेर मऊ ब्रशाने झाडावी.

भिंत वाळायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणूनच वैशाख मोलाचा! ऊन आहे, वारा कोरडा आहे, आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागेल. गच्चीची तड, पन्हळीतला पाला, मोरीचा सांधा ही कामे आज होतात. आषाढात गवंडीही हात जोडतो. पुढे पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि भिजलेली वस्तू एकदोन दिवसांत कोरडी करावी. मुसळधार पावसात खिडक्या सताड उघडल्याने ओल जात नाही, उलट घरात येते, हेही विसरू नये.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे एक मूल दगावले. घरातल्या बुरशीमुळे जडलेला श्वसनविकार हे त्याचे कारण असल्याचा निर्णय २०२२ मध्ये चौकशीत झाला. त्याच्या वडिलांनी २०१७ सालीच तक्रार केली होती. त्यांना उत्तर काय मिळाले? वरून रंग मारा! त्यानंतर २०२३ साली तेथे त्यासाठी कायदा झाला. आमच्या घरीही रंगच मारला जात होता, आणि तो मारणारे आम्हीच होतो. म्हणून ती हकीकत वाचून आमच्या अंगावर काटा आला.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पुष्कळदा पाणी वरच्या बिऱ्हाडाचे आणि डाग खालच्याचा असतो. मालक भाडेकऱ्याकडे बोट दाखवितो, भाडेकरू मालकाकडे. आणि पाणी कोणाचीही वाट न पाहता झिरपत राहते. आमच्या भिंतीचे मूळही वरच्या मोरीच्या एका फुटक्या सांध्यात निघाले. आम्ही भांडायला गेलो नाही. वरच्या काकूंना खाली बोलावून भिंत दाखविली, निजलेला नातू दाखविला. त्या म्हणाल्या, “अहो, तीन वर्षांत एकदा तरी सांगायचंत!” खर्च निम्मा-निम्मा केला. सांधा एका दिवसात झाला, भिंत वाळायला उन्हाळा गेला. नातवाचे औषध पूर्ण सुटले नाही, पण रात्री तो स्वस्थ झोपतो.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर कपाट जरा पुढे ओढून मागची भिंत पाहावी, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.